खान्देशच्या गारगोटीतले अणू दिसतात कसे? आणि व्हायरल ‘अणूच्या फोटो’वर विश्वास कधी ठेवायचा?

जळगाव म्हटलं की आपल्याला आठवतं सोनं, केळी आणि भरताची वांगी. पण जगभरात खनिजं गोळा करणारी जी मंडळी आहेत, त्यांना जळगाव हे नाव वेगळ्याच कारणामुळे पाठ आहे. त्यांच्या कपाटातल्या पांढऱ्या, गुलाबी, हिरवट स्फटिकांखाली जे लेबल असतं, त्यावर अनेकदा लिहिलेलं असतं : ‘जळगाव, महाराष्ट्र, भारत’. हे स्फटिक आपल्याकडच्या दगडखाणींतून निघालेले असतात. खडीसाठी सुरुंग लावला, काळा दगड फुटला आणि आत एखादी पोकळी निघाली, की तिच्या भिंतींवर हे स्फटिक चमकताना दिसतात.

आता हा विषय आजच का? ८ ऑक्टोबर २०२५ ला रसायनशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी या तिघांना ते मिळालं, आतून पोकळ असलेले, रेणूंना आत सामावून घेणारे पदार्थ तयार केल्याबद्दल. त्यानंतर सोशल मीडियावर ‘छिद्रं असलेले स्फटिक’, ‘अणूचा खरा फोटो’ अशा पोस्टचा पूर आला. गंमत अशी, की आतून छिद्रं असलेला असाच एक पदार्थ निसर्गाने फार पूर्वीच बनवून ठेवलाय आणि तो खान्देशच्या काळ्या दगडात बसलाय. त्याचं नाव झिओलाइट.

मग साधा प्रश्न पडतो. या दगडाच्या पृष्ठभागावरचे अणू आपल्याला बघता येतात का? उत्तर आहे : हो, पण डोळ्यांनी नाही, स्पर्शाने. हा स्पर्श चालतो कसा आणि तो फसवतो कधी, हे कळलं तर व्हायरल होणाऱ्या ‘अणूच्या फोटो’कडे बघण्याची नजरच बदलेल.

आधी हे स्फटिक आले कुठून?

साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थरावर थर साचले. आज आपण ज्याला काळा कातळ म्हणतो, तो बेसॉल्ट म्हणजे हाच थिजलेला लाव्हा. धुळे आणि नंदुरबारच्या माळांवर जमिनीतून वर आलेल्या भिंतींसारख्या लांबच लांब काळ्या रांगा दिसतात ना, त्याही याच काळातल्या. जमिनीच्या भेगांत शिरलेला लाव्हा तिथेच थिजला आणि आजूबाजूची माती-दगड झिजल्यावर भिंतीसारखा उभा राहिला. भूशास्त्रात या रांगा ‘नंदुरबार-धुळे डाइक समूह’ म्हणून ओळखल्या जातात.

लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. पुढे खूप काळ त्या पोकळ्यांतून गरम पाणी झिरपत राहिलं. पाण्यात विरघळलेलं सिलिका, ॲल्युमिनियम, कॅल्शियम, सोडियम हळूहळू भिंतींवर बसत गेलं आणि स्फटिक तयार झाले. स्टिल्बाइट आणि ह्यूलँडाइट हे झिओलाइट कुळातले. त्यांच्या सोबतीने सापडणारं अपोफिलाइट झिओलाइट नाही, पण राहतं त्याच घरात.

‘झिओलाइट’ हे नाव १७५६ मध्ये स्वीडनच्या ॲक्सेल क्रोनस्टेट यांनी दिलं. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ ‘उकळणारा दगड’. हा दगड तापवला की त्यातून वाफ निघायची, म्हणून हे नाव. त्याच्या आत अणूंची जाळी असते, जाळीत बोगदे असतात आणि बोगद्यांत पाणी असतं. हे पाणी पुढे आपल्या गोष्टीत अडचण बनून येणार आहे, लक्षात ठेवा.

महाराष्ट्रातल्या झिओलाइटला जगाची बाजारपेठ आज मिळालेली नाही. १८६३ मध्ये सुरू झालेल्या भोर घाटातल्या रेल्वेमार्गासाठी डोंगर फोडले, तेव्हा निघालेले स्फटिक एकोणिसाव्या शतकातच युरोपच्या संग्रहालयांत पोहोचले होते. आपल्याला जवळ बघायचे असतील तर नाशिक जिल्ह्यात सिन्नरला ‘गारगोटी’ हे खनिज संग्रहालय आहे.

सोन्याचे अणू सोपे, दगडाचे अवघड

साध्या सूक्ष्मदर्शकातून अणू दिसत नाही. कारण दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर आणि शेजारच्या दोन अणूंमधलं अंतर एका नॅनोमीटरच्याही आत. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. कुदळीने रांगोळीचे कण वेचायला बसण्यासारखं आहे हे.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला झुरिकमध्ये आयबीएमच्या प्रयोगशाळेत गेर्ड बिनिंग आणि हाइनरिक रोहरर यांनी वेगळी वाट काढली. त्यांनी एक अतिशय टोकदार सुई पृष्ठभागाच्या इतकी जवळ नेली, की न टेकताही दोघांमध्ये अगदी क्षीण वीजप्रवाह वाहायला लागला. सुई अणूच्या डोक्यावर आली की प्रवाह वाढतो, दोन अणूंच्या मधल्या खळग्यावर आली की कमी होतो. सुई ओळीओळीने फिरवायची, प्रवाह नोंदवायचा आणि त्यातून नकाशा काढायचा. या यंत्राचं नाव स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप. सुरुवातीच्या यशांपैकी एक होतं सोन्याच्या पृष्ठभागावरच्या अणूंच्या रांगा. १९८६ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

म्हणजे जळगावच्या सराफ बाजारातलं सोनं या यंत्राला चालतं. जळगावच्या खाणीतला दगड चालत नाही. कारण सोन्यातून वीज वाहते, स्टिल्बाइटमधून वाहत नाही. तो विद्युतरोधक आहे. यंत्राला वाटतं, ‘प्रवाह येत नाही, म्हणजे मी अजून लांब आहे’, म्हणून ते सुई पुढे पुढे सरकवत राहतं आणि शेवटी सुई दगडावर आपटते. सुईही गेली, नमुनाही गेला.

मग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप? तिथेही तीच रड. विद्युतरोधक पदार्थावर इलेक्ट्रॉन साचत जातात आणि चित्र बिघडतं. म्हणून अशा नमुन्यावर बऱ्याचदा सोन्याचा पातळ थर चढवतात. स्फटिकाचा आकार त्याने छान दिसतो, पण त्याचे अणू सोन्याखाली झाकले जातात. पातळ काप घेऊन त्यातून इलेक्ट्रॉन आरपार सोडणारे मायक्रोस्कोप आहेत, पण झिओलाइटची जाळी त्या माऱ्याने लवकर मोडते. क्ष-किरणांनी स्फटिकाच्या आतली रचना उत्तम कळते, पण ती असंख्य अणूंची सरासरी असते. वरच्या शेवटच्या थरात नेमकं काय चाललंय, हे तिथून कळत नाही.

आणि खरी घडामोड तर त्या शेवटच्या थरातच होते. रेणू बोगद्यात शिरतो तो पृष्ठभागावरच्या दारातून. स्फटिक वाढतो तो पृष्ठभागावर. गंज, चिकटणं, झिजणं, सगळं तिथेच.

बघायचं नाही, चाचपायचं

१९८६ मध्येच बिनिंग, स्टॅनफर्डचे कॅल्व्हिन क्वेट आणि आयबीएमचे क्रिस्टोफ गेर्बर यांनी यावर उपाय मांडला. विजेचा नादच सोडून द्या. सुई एका लवचिक पट्टीच्या टोकाला बसवा. कोणतेही दोन अणू जवळ आले की त्यांच्यात ओढ असते, फारच जवळ आले की ते एकमेकांना ढकलतात. हे बल मोजायला पदार्थातून वीज वाहण्याची गरज नाही. पट्टी किती वाकली ते मोजा, झालं. हाच ॲटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप. मराठीत अणुबल सूक्ष्मदर्शक म्हणता येईल.

त्या पहिल्या शोधनिबंधात त्यांनी जो नमुना घेतला तो ॲल्युमिनाचा होता, म्हणजे ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजनपासून बनलेला विद्युतरोधक सिरॅमिक. तेव्हा आडवी स्पष्टता मिळाली सुमारे ३ नॅनोमीटरची. म्हणजे एकेक अणू वेगळा दिसायला अजून बरंच अंतर बाकी होतं. या ॲल्युमिनाचं नाव लक्षात ठेवा. त्याची गोष्ट पूर्ण व्हायला ३८ वर्षं लागली.

पुढच्याच वर्षी, १९८७ मध्ये, थॉमस अल्ब्रेक्ट आणि क्वेट यांनी बोरॉन नायट्राइड या वीज न वाहणाऱ्या पदार्थाचं अणूंच्या मापाचं चित्र दिलं. सगळीकडे आनंदीआनंद. पण इथेच एक मोठी शंका उभी राहिली.

अंड्यांच्या ट्रेची फसवणूक

घरी करून बघा. अंड्यांचा एक रिकामा ट्रे टेबलावर ठेवा, दुसरा त्यावर ठेवा आणि वरचा हळूहळू सरकवा. प्रत्येक खड्ड्यागणिक तो अडकेल, उडी मारेल. तुम्ही डोळे मिटून हे धक्के नोंदवले तर खालच्या ट्रेचा अगदी नीटनेटका नकाशा तयार होईल. आता खालच्या ट्रेचा एक खड्डा फाडून टाका आणि पुन्हा सरकवा. धक्के जवळपास तसेच येतील. तो फाटलेला खड्डा नकाशात दिसणारच नाही, कारण वरचा ट्रे एकाच वेळी बाकीच्या सगळ्या खड्ड्यांवर टेकलेला आहे.

सुरुवातीच्या अनेक चित्रांत हेच होत होतं. सुई पृष्ठभागावर टेकवून घासली जायची. तिचं टोक आपल्या दृष्टीने कितीही बारीक असलं तरी एकाच वेळी अनेक अणूंवर टेकलेलं असायचं. चित्रात रांगा अचूक यायच्या, अंतरही बरोबर यायचं. फक्त एक गोष्ट कधीच दिसायची नाही : चूक. एखादा अणू गायब आहे, एखादा जागा सोडून बसलाय, असं काही नाहीच. खरा स्फटिक इतका निर्दोष नसतो.

म्हणून या क्षेत्रात एक कसोटी ठरत गेली. चित्रात दोष दिसला, पायरीची कड तुटक दिसली, तरच एकेक अणू खरोखर दिसतोय असं मानायचं. सोनाराकडे सोनं कसोटीवर घासतात, तशी ही अणुचित्रांची कसोटी. १९९३ मध्ये फ्रँक ओनेसोर्गे आणि बिनिंग यांनी पाण्यात बुडवलेल्या कॅल्साइटवर असं खरं चित्र मिळवलं. कॅल्साइट आपल्या बेसॉल्टच्या पोकळ्यांतही सापडतं. १९९७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या गटाने निर्वात पोकळीत मिठाच्या स्फटिकावर हे केलं, तेही एकेक दोषासकट. मीठ म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातलंच. त्यात सोडियम आणि क्लोरिनच्या शेजारच्या अणूंमधलं अंतर असतं ०.२८ नॅनोमीटर.

आखाजीचा झोका

घासण्याने फसवणूक होते, मग न घासता चाचपायचं कसं? इथे खान्देशातल्या वाचकांना आखाजीचा झोका आठवला तरी पुरे. झोका आपल्या लयीत चाललाय. आता कुणी प्रत्येक फेरीला त्याला अगदी हलका हात लावला, तर झोका थांबणार नाही, पण त्याची लय किंचित बदलेल. लय मोजत बसलेल्या माणसाला न बघताही कळेल की कुणीतरी हात लावतंय.

१९९१ पासून हीच युक्ती वापरात आली. सुईची पट्टी ठरावीक लयीत कंप पावत ठेवायची, पृष्ठभागाच्या जवळ न्यायची आणि लय किती बदलली ते मोजायचं. टोक अणूजवळ आलं की दोघांमधल्या ओढीमुळे लय बदलते. बल अतिशय क्षीण असतं, पण लय मोजण्यात माणूस तरबेज आहे. घड्याळं आपण त्याच भरवशावर बनवतो.

आणि घड्याळ हे काही नुसतं उदाहरण नाही. १९९८ मध्ये फ्रान्झ गिसिबल यांनी मनगटी घड्याळात असतो तो क्वार्ट्‌झचा चिमटा घेऊन त्याचाच संवेदक बनवला. साध्या क्वार्ट्‌झ घड्याळातला असा चिमटा सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. क्वार्ट्‌झ म्हणजे आपण जिला गारगोटी म्हणतो तेच खनिज. गारगोटीचा तुकडा लय धरतो आणि तिच्यासारख्याच दुसऱ्या विद्युतरोधक स्फटिकाचे अणू चाचपतो. आज जगातली अनेक उत्तम अणुचित्रं याच प्रकारच्या संवेदकाने काढली जातात.

२०२४ : माणकाच्या पृष्ठभागाचं कोडं

आता ॲल्युमिनाकडे परत येऊ. माणिक आणि नीलम ही रत्नं म्हणजे ॲल्युमिनाचेच स्फटिक, रंग फक्त किंचित मिसळलेल्या इतर धातूंचा. हा पदार्थ इलेक्ट्रॉनिक्समध्ये लागतो, रासायनिक उद्योगात उत्प्रेरकांचा आधार म्हणून लागतो. तरीही त्याच्या वरच्या थरातले अणू नेमके कसे बसलेत, हे कोडं पन्नासहून अधिक वर्षं सुटलं नव्हतं. स्फटिक तापवला की वरच्या थराची मांडणी बदलते, एवढं माहीत होतं. कशी बदलते, यावर वाद होता.

सप्टेंबर २०२४ मध्ये व्हिएन्नाच्या तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी ‘सायन्स’ नियतकालिकात उत्तर दिलं. योहाना ह्युटनर, यान बालायका, उलरिके डिबोल्ड यांचा त्यात सहभाग होता. त्यांनी सुईच्या टोकावर एकच ऑक्सिजनचा अणू बसवला. हा अणू पृष्ठभागावरच्या ऑक्सिजनपासून दूर ढकलला जातो आणि ॲल्युमिनियमकडे ओढला जातो. त्यामुळे चित्रातला कोणता ठिपका कोणत्या अणूचा, हे पहिल्यांदाच नक्की सांगता आलं. वरच्या थरातले ॲल्युमिनियमचे अणू खालच्या ऑक्सिजनशी जुळवून घेण्यासाठी आपली बसण्याची पद्धत बदलतात, पण दोन्हींचं प्रमाण बदलत नाही, असं त्यातून निघालं. आधीचे बरेच अंदाज याच्या उलट होते.

१९८६ चा पहिला नमुना ॲल्युमिना आणि २०२४ चं उत्तरही ॲल्युमिनाचं. एका पदार्थाच्या एका थरासाठी एवढा काळ का लागला? कारण रांगा दिसणं वेगळं आणि कोणत्या रांगेत कोण बसलंय हे कळणं वेगळं.

मग आपल्या झिओलाइटचं काय?

झिओलाइटवर हे काम झालेलं आहे आणि तेही बरंच लवकर. १९९० मध्ये ‘सायन्स’मध्ये एक शोधनिबंध आला. क्लिनोप्टिलोलाइट या झिओलाइटच्या पृष्ठभागावर रेणू कसे बसतात, हे अणुबल सूक्ष्मदर्शकाने द्रवात बुडवून बघितलं होतं. जोर वाढवला तर सुईने ते रेणू हलवताही आले. क्लिनोप्टिलोलाइट म्हणजे जळगावकडे सापडणाऱ्या ह्यूलँडाइटचं सख्खं भावंड. दोघांची जाळी सारखीच, फरक सिलिकॉन-ॲल्युमिनियमच्या प्रमाणाचा.

द्रवातच का? इथे ते बोगद्यातलं पाणी आडवं येतं. माणिक निर्वात पोकळीत ठेवलं तर त्याला काही होत नाही. झिओलाइट निर्वातात ठेवला की त्यातलं पाणी निघून जायला लागतं आणि जाळी आपली जागा थोडी बदलते. म्हणजे आपण जो दगड बघायला गेलो, तो बघता बघता दुसराच होतो. वर आणखी एक अडचण : विद्युतरोधक स्फटिक फोडला की ताज्या पृष्ठभागावर विद्युतभार अडकून राहतो आणि सुईला लांबूनच ओढायला लागतो. मिठासारखा स्फटिक हलका तापवून हा भार घालवता येतो. झिओलाइट तापवला की पुन्हा पाणी जातं.

पण सोयीच्या गोष्टीही आहेत. ह्यूलँडाइट, स्टिल्बाइट आणि अपोफिलाइट या तिन्हींना एका दिशेने अगदी सफाईने चिरता येतं. ब्लेडचा हलका दाब दिला की आरशासारखी सपाट पातळी मिळते. ह्यूलँडाइटच्या अशा पातळीवर ज्या पायऱ्या असतात, त्यांची उंची सुमारे ०.९ नॅनोमीटर असते, म्हणजे जाळीचा एक थर. ही पायरी बघायला व्हिएन्नाचं यंत्र लागत नाही. हवेत चालणाऱ्या साध्या अणुबल सूक्ष्मदर्शकावर एमएस्सीचा विद्यार्थीही ती मोजू शकतो.

ऑक्सिजनचा किस्सा

झिओलाइट हा नुसता शोभेचा दगड नाही, हे आपल्याला २०२१ मध्ये कळलं. कोविडच्या दुसऱ्या लाटेत हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारी संयंत्रं उभारायची होती. त्यातला मुख्य पदार्थ झिओलाइट. तो हवेतला नायट्रोजन धरून ठेवतो आणि ऑक्सिजन पुढे जाऊ देतो. मे २०२१ मध्ये एअर इंडियाच्या विमानाने रोमहून बंगळुरूला झिओलाइट आणला गेला, डीआरडीओच्या तंत्रज्ञानावर उभ्या राहणाऱ्या संयंत्रांसाठी.

यावर ‘आपल्याकडे डोंगरभर झिओलाइट असताना तो बाहेरून का आणला?’ असा प्रश्न कुणालाही पडेल. पण हा प्रश्न अर्धवट आहे. संयंत्रात लागतो तो कारखान्यात बनवलेला झिओलाइट. त्याचे बोगदे ठरावीक मापाचे असतात, त्यात हवे ते धातू भरलेले असतात, प्रत्येक दाणा सारखा असतो. खाणीतला स्टिल्बाइट तिथे भरून चालत नाही. नैसर्गिक झिओलाइट इतर कामांना येतात, उदाहरणार्थ क्लिनोप्टिलोलाइट पाण्यातला अमोनिया धरायला वापरतात.

खरा प्रश्न वेगळा आहे. असा पदार्थ बनवायला आणि सुधारायला जे ज्ञान लागतं, ते पृष्ठभागाचं आणि बोगद्यांच्या दारांचं ज्ञान आहे. ते ज्यांच्याकडे आहे, ते पदार्थ विकतात. आपण दगड विकतो.

खान्देशात काय होऊ शकतं?

पहिली गोष्ट यंत्राची नाही, नोंदीची आहे. खाणीत पोकळी निघते, स्फटिक काढले जातात, व्यापाऱ्याकडे जातात आणि तिथून परदेशी. खडीचा हिशेब ब्रासमध्ये होतो, स्फटिकाचा त्याच्या रंगावर आणि देखणेपणावर. या प्रवासात कोणती खाण, किती खोली, कोणता थर, सोबत कोणतं खनिज होतं, ही माहिती सहज हरवते. लेबलवर ‘जळगाव’ एवढंच उरलं तर तो नमुना कपाटात शोभतो, पण अभ्यासाला अर्धाच उपयोगी पडतो. ही नोंद ठेवायला मोबाइलचा कॅमेरा आणि एक वही पुरते. महाविद्यालयांच्या भूशास्त्र आणि भौतिकशास्त्र विभागांनी खाणमालकांशी बोलून हे सुरू करता येईल. मात्र त्यात सुरुंग आणि धूळ यांच्यात काम करणाऱ्या खाणकामगारांच्या जिवाला जास्तीचा धोका होता कामा नये.

दुसरी गोष्ट यंत्रापर्यंत पोहोचण्याची. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या भागासाठी १९९० मध्ये उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झालं. २०१८ पासून त्याला बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. निर्वात पोकळीत, अतिथंड तापमानात एकेक अणू दाखवणारं यंत्र प्रत्येक विद्यापीठाने घ्यावं, ही अपेक्षाच चुकीची. त्याची किंमत मोठी, शिवाय त्याला कंपनमुक्त जागा लागते, अखंड वीज लागते, ते चालवणारा प्रशिक्षित माणूस कायम लागतो.

पण वाटा आहेत. धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने निघालं की पुढे इंदूर लागतं. तिथे यूजीसी-डीएई वैज्ञानिक संशोधन संघटनेचं केंद्र आहे. विद्यापीठांतल्या संशोधकांना मोठी उपकरणं वापरायला मिळावीत, हाच त्या संस्थेचा उद्देश. पुण्याच्या आयसरमध्ये प्रा. शिवप्रसाद पाटील यांचा गट अणुबल सूक्ष्मदर्शकाच्या पद्धतींवर काम करतो. पृष्ठभाग आणि सुई यांच्यामध्ये कोंडलेलं पाणी कसं वागतं, हा त्यांच्या अभ्यासाचा एक विषय. झिओलाइटसाठी हाच तर कळीचा प्रश्न आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘आय-स्टेम’ या सरकारी पोर्टलवर देशभरातल्या संस्थांमधली उपकरणं शोधून वापरासाठी अर्ज करता येतो. २०२३ च्या कायद्याने आलेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानकडूनही, मोठ्या संस्थांनी राज्य विद्यापीठांना सोबत घेऊन काम करावं, अशी योजना आहे.

प्रश्न असा, की तिथे जाताना हातात काय असेल? ‘यंत्र बघायला आलोय’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘अमुक खाणीतल्या अमुक थरातला, आजच चिरलेला ह्यूलँडाइट आणलाय, त्याच्या पायऱ्या आम्ही मोजल्यात, आता दारं बघायची आहेत’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला वेळ मिळण्याची शक्यता जास्त. ही तयारी जळगावात, धुळ्यात बसून होते.

व्हायरल ‘अणूचा फोटो’ आला तर काय तपासाल?

१. फोटो आहे की नकाशा? अणुबल सूक्ष्मदर्शकाचं चित्र म्हणजे बलाच्या किंवा लयीच्या आकड्यांचा नकाशा. त्यातले निळे, सोनेरी रंग नंतर भरलेले असतात. अणूला असा रंग नसतो.

२. पदार्थ वीज वाहणारा आहे का? आयबीएमने २०१३ मध्ये केलेली ‘अ बॉय अँड हिज ॲटम’ ही छोटी फिल्म अजूनही फिरते. ती तांब्याच्या पृष्ठभागावर टनेलिंग मायक्रोस्कोपने केलेली आहे. तिच्यावरून दगडाबद्दल काही सिद्ध होत नाही.

३. दोष दिसतो का? सगळंच अगदी रांगोळीसारखं नीट असेल तर अंड्यांचा ट्रे आठवा. एखादा अणू गायब दिसत असेल तर विश्वास वाढतो.

४. मोजपट्टी दिली आहे का? शेजारच्या अणूंमधलं अंतर एका नॅनोमीटरच्याही आत असायला हवं. ५० नॅनोमीटरचे गोळे दाखवून ‘हे अणू’ म्हणत असतील, तर ते अणू नाहीत.

५. कोणता ठिपका कोणता अणू, हे कशावरून ठरवलं? नुसत्या उजळपणावरून ठरत नाही. सुईच्या टोकावर कोणता अणू आहे, यावर उजळ-अंधार उलटाही होतो. व्हिएन्नाच्या गटाने टोक आधी ठरवलं, ते याचसाठी.

आणि एक जोड. अपोफिलाइट, स्टिल्बाइट हे ‘ऊर्जा देणारे’, ‘मन शांत करणारे’ दगड म्हणून ऑनलाइन विकले जातात. या स्फटिकांभोवती जे बल असतं ते वर सांगितलेलंच आहे : टोक काही अणूंच्या अंतरावर आणलं तरच जाणवणारं आणि अतिशय क्षीण. त्यातून आजार बरा होण्याला कोणताही आधार नाही. दगड सुंदर आहे म्हणून घ्यायला काहीच हरकत नाही. औषध म्हणून घेऊ नका.

थोडक्यात

विद्युतरोधक दगडाचे अणू दाखवणारं तंत्र १९८६ मध्ये आलं, त्यावर विश्वास ठेवण्याची कसोटी १९९० च्या दशकात पक्की झाली आणि ‘कोण कुठे बसलंय’ हे नक्की सांगण्याची हातोटी आत्ता आत्ता आली आहे. झिओलाइटसारखा पाणी धरणारा दगड अजूनही या तंत्राला अवघड जातो, म्हणजे तिथे करण्यासारखं काम शिल्लक आहे. त्यासाठी लागणारा नमुना खान्देशात खडी फोडताना निघतो. यापुढे खाणीत पोकळी निघाली, तर स्फटिक कागदात गुंडाळण्याआधी त्याच्या जागेचा एक फोटो आणि दोन ओळींची नोंद ठेवली जाते का, एवढं पाहिलं तरी सुरुवात होईल.